पोटाच्या ऑपरेशननंतर घरी झोपायचं कसं, उठायचं कसं

पोटाचं ऑपरेशन झालं, सुट्टी मिळाली, माणूस घरी आला, की पहिल्याच रात्री घरात गोंधळ उडतो: याला झोपवायचं कुठं आणि कसं? अमरावती-अकोल्याकडच्या वाचकांच्या विचारणांत हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत सारखा येत राहतो. 'कोनत्या कुशीवर झोपू?' 'खाली गादीवर झोपलं त टाके तुटतीन काय?' 'सासू म्हनते उशी घेऊ नको, खरं हाय का?' 'बाजेवर झोपू का दिवानवर?' डॉक्टरांनी गोळ्यांचं सांगितलेलं असतं, टाके काढायची तारीख दिलेली असते. झोपण्याचं मात्र 'आराम करा' एवढ्यावरच भागलेलं असतं.

अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, आतडी, गर्भाशय (आपल्याकडे सरळ 'पिशवी' म्हणतात) किंवा सिझेरियन, यांपैकी कोणतंही ऑपरेशन झालेल्यांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचं पोट त्यांनी आतून पाहिलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. अंथरूण चांगलं की वाईट, हे त्यावर पडल्यावर कळत नाही, त्यावरून उठताना कळतं. पडून राहिल्यावर पोटाचे स्नायू सैल असतात, जखमेवर फारसा ताण नसतो. ताण येतो तो उताणं पडलेलं असताना डोकं आणि खांदे उचलून सरळ उठून बसायला गेलं की. म्हणून जागा निवडताना 'इथं झोप लागेल का' याच्या आधी 'इथून रात्री दोन वाजता लघवीला कसं उठता येईल' हे बघा.

आणि टाक्यांची भीती थोडी कमी करा. वर दिसतात ते कातडीचे टाके. पोटाला खरा आधार देणारा स्नायूंवरचा चिवट पडदा आत वेगळ्या मजबूत धाग्यानं शिवलेला असतो. कूस बदलल्यानं, हळूच जमिनीवर निजल्यानं किंवा शिंक आल्यानं हा धागा सहसा तुटत नाही. पण तो पडदा पूर्ण जुळून यायला आठवडे नव्हे, महिने लागतात. तेवढ्या काळात जड वजन उचललं, कुंथणं किंवा खोकला रोजचाच झाला, तर तिथं पुढं हर्निया होऊ शकतो.

सुट्टी होण्याआधी विचारून घ्या

इर्विन असो, डफरीन असो, पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेजचा दवाखाना असो, अकोल्याचं सर्वोपचार किंवा लेडी हार्डिंग असो, नाहीतर खासगी नर्सिंग होम. सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांची बिल, औषधं, गाडी यांत धावपळ चाललेली असते आणि विचारायचं राहून जातं. आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा आणि राऊंडच्या वेळी विचारा:

- ऑपरेशन दुर्बिणीतून झालं की पोट उघडून? चिरा आडवा आहे की उभा? जाळी बसवली आहे का?
- कुशीवर कधीपासून झोपता येईल? कोणती कूस टाळायची?
- पोटाचा पट्टा लावायचा का? झोपताना काढायचा का?
- किती किलोपर्यंत आणि किती दिवसांनी उचलता येईल?
- दुखण्याची गोळी किती तासांनी? रात्री दुखलं तर जास्तीची कोणती घ्यायची?
- काय झालं तर लगेच परत यायचं, आणि रात्री फोन कुणाला करायचा?

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, तारीख, औषधं आणि पुढच्या तपासणीची तारीख आहे ना, हे बघूनच बाहेर पडा. तो कागद तुमचा हक्क आहे. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर व्यावसायिक आचारसंहितेनं बंधनकारक आहे. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. ती भिंतीवर शोधा आणि दोन मिनिटं उभं राहून वाचा.

घरी येतानाचा प्रवासही आरामाचाच भाग समजा. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे घाटानं जाणार असाल किंवा कुठल्याही खडबडीत रस्त्यानं, तर एक घट्ट उशी सोबत ठेवा आणि खड्डा आला की ती दोन्ही हातांनी पोटावर दाबून धरा. एसटीत मागच्या चाकांवरची आणि शेवटची सीट नको, मधली घ्या. मोटारीत सीटबेल्ट लावाच. पट्टा जखमेवर येत असेल तर मध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा. मोटारसायकलवर मागे बसवून आणू नका.

पलंग, दिवाण, बाज की जमीन?

कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांच्या खाली जाता कामा नये. दीड फूट किंवा थोडी जास्त उंची बहुतेकांना पुरते. याहून खालून उठताना शरीर पुढं झोकावं लागतं, पोटाला कळ येते. फार उंच असेल तर पाय लोंबकळतात आणि उतरताना धसका बसतो.

*पलंग* असेल तर त्याची एक बाजू भिंतीला लावू नका. ज्या कुशीवर वळून उठायचं ती बाजू मोकळी हवी आणि तिथं मदतनिसाला उभं राहायला जागा हवी.

*दिवाण* बऱ्याच घरांत असतो आणि तोच रुग्णाला दिला जातो. उंची बरी असते, पण खाली पेटी असल्यानं पाय मागे घ्यायला जागा नसते. उठताना आपण नकळत टाचा खुर्चीखाली ओढतो, तसं इथं जमत नाही. म्हणून दिवाणावर आधी अगदी काठापर्यंत सरकून या, मग उभे राहा. दिवाणाला लावून एक जड लाकडी खुर्ची किंवा टेबल ठेवा, हाताला आधार होतो. हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, ती सरकते.

*बाज किंवा नवारीची खाट* उन्हाळ्यात हवेशीर, पण बहुतेकींत मधोमध झोळ पडलेला असतो. त्या झोळात कंबर खाली जाते, कूस बदलता येत नाही आणि उठताना कडेचं लाकूड मांडीला काचतं. बाजच वापरायची असेल तर पायथ्याची दोरी ओढून ती चांगली ताणून घ्या, वर प्लायवूडचा तुकडा किंवा सपाट फळ्या घाला आणि त्यावर गादी टाका.

*गादी* कापसाची असते, वऱ्हाडात तर असतेच. वर्षानुवर्षं पिंजून न घेतलेली गादी मध्ये दबते, कडा उंच राहतात. हाताचा पंजा मधोमध जोरानं दाबून बघा. खाली फळी लागली तर खळगा झाला समजा. पिंजाऱ्याकडे द्यायला वेळ नसेल तर गादी उलटी-पालटी करा, खळग्यात जुनी सतरंजी किंवा घडी घातलेली गोधडी भरा. नव्या मऊ फोमच्या गाद्याही याच कारणानं त्रास देतात. माणूस आत रुततो आणि वळायला दुप्पट जोर लागतो.

*जमिनीवर* झोपणं म्हणजे गुन्हा नव्हे. ज्या घरात पलंगच नाही तिथं काय करायचं, मेळघाटातल्या घरांत काय करायचं, हे कुणी सांगत नाही म्हणून इथं थोडं सविस्तर सांगतो. दोन गाद्या एकावर एक घाला, म्हणजे तेवढीच उंची मिळते. अंथरूण भिंतीजवळ नको, आणि हाताशी एक जड स्टूल किंवा लाकडी पेटी ठेवा. उठताना कुशीवर वळा, कोपरावर भार घ्या, मग दोन्ही हात आणि गुडघे टेकून रांगत्या अवस्थेत या. स्टुलावर हात ठेवा, एक पाऊल पुढं रोवा आणि मांडीच्या जोरावर उठा. पोट उघडून मोठं ऑपरेशन झालं असेल तर मात्र पहिले दोन आठवडे तरी कुठूनही पलंग मिळवाच. शेजाऱ्यांकडून मागून आणा, भाड्यानं आणा. मोठ्या दवाखान्यांच्या आसपासच्या सर्जिकलच्या दुकानांत डोक्याकडून उचलता येणारा बेड, पाठीचा टेका, कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. महिनाभरासाठी विकत घेण्याचं कारण नाही.

पलंगाची उंची वाढवायला पायांखाली विटा लावायची आपल्याकडे पद्धत आहे. सुट्या विटा घसरतात. लावायच्याच तर मध्ये खोबण असलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या.

उशा कुठं ठेवायच्या

पहिल्या काही रात्री सगळ्यांत सोसवणारी अवस्था म्हणजे पाठीवर, कमरेपासून वरचा भाग ३० ते ४५ अंश उचललेला आणि गुडघे किंचित वाकलेले. पोटाची भिंत सैल पडते, चिऱ्यावरचा ताण कमी होतो, श्वासही मोकळा येतो.

चूक होते ती अशी, की डोक्याखाली तीन उशा रचल्या जातात. त्यानं मान वाकते, हनुवटी छातीला लागते आणि पोटाला घडी पडते. उतार कमरेपासून सुरू झाला पाहिजे. घरातला लोड आडवा टाका, त्यावर तक्क्या, त्यावर पातळ उशी. लोड नसेल तर एक जुनी युक्ती आहे: लाकडी किंवा लोखंडी खुर्ची पलंगाच्या डोक्याकडे उलटी पालथी घाला. तिची पाठ तिरकी येते, त्यावर गादीची घडी आणि उशी ठेवली की उत्तम टेका होतो. खुर्ची भिंतीला टेकलेली किंवा पलंगाला बांधलेली हवी.

गुडघ्यांखाली घडी केलेली चादर किंवा छोटी उशी ठेवा, पण ती मांडीच्या खालच्या टोकाशी. पोटऱ्यांखाली ठेवून रात्रभर तसंच पडलं की पायातलं रक्त साचतं. जाग येईल तेव्हा उशी काढा, पावलं वर-खाली दहा-वीस वेळा हलवा, मग पुन्हा ठेवा.

आणखी एक छोटी, घट्ट उशी कायम हाताशी असू द्या, पोटावर धरायला. खोकला, शिंक, हसू, उलटी, काहीही आलं तर आधी ती दोन्ही हातांनी जखमेवर दाबायची. खोकला दाबून ठेवू नका. ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायची माणसाला धास्ती वाटते, छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घ्या. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं यंत्र दिलं असेल तर ते फुंकायचं नसतं, हवा आत ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात. हे बहुतेक ठिकाणी उलटं केलं जातं.

'उशी घेऊ नको' या सल्ल्याचं मूळ कमरेतून दिलेल्या भुलीत आहे. ऑपरेशननंतर काही तास सपाट झोपवून ठेवायची पद्धत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. घरी आल्यावर उशी सोडायची गरज नाही. मात्र बसलं की डोकं फुटल्यासारखं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं होत असेल तर ते भुलीमुळे असू शकतं. उशी काढून ते बरं होणार नाही, डॉक्टरांना कळवा.

उठायची रीत

ही रीत ऑपरेशनच्या आधीच घरी चार वेळा करून बघा. अंगात कळ असताना नवं शिकता येत नाही.

1. पाठीवर पडल्या पडल्या दोन्ही गुडघे वाकवा, तळपाय गादीवर टेकवा.
2. छोटी उशी पोटावर धरा.
3. खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी वळवून कुशीवर या. आधी खांदा आणि मग कंबर असा पीळ पडू देऊ नका.
4. दोन्ही पाय गुडघ्यांतून वाकवलेले ठेवूनच पलंगाखाली सोडा. पायांच्या वजनानं वरचं अंग आपसूक उचललं जातं.
5. खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा पंजा गादीवर रेटून बसते व्हा. श्वास रोखू नका, रेटताना तोंडानं सोडा.
6. काठावर एक-दोन मिनिटं बसा. चक्कर येत नाही ना, बघा. मग उभे राहा.

झोपायला जाताना हेच उलट्या क्रमानं. काठावर बसा, कोपरावर झुका, पाय वर घ्या आणि मग पाठीवर वळा.

मदत करणाऱ्यांनी एक कटाक्षानं पाळावं. रुग्णाचे हात धरून ओढू नका आणि 'माझ्या गळ्यात हात टाक' असंही म्हणू नका. दोन्हींत तो सरळ वर खेचला जातो, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच होतं. एक हात त्याच्या खांद्यामागे, दुसरा गुडघ्यांमागे ठेवा आणि तो वळेल त्या दिशेनं फक्त साथ द्या.

कोणत्या ऑपरेशनला कोणती कूस

- दुर्बिणीतून पित्ताशय किंवा अपेंडिक्स: दोन-तीन दिवस खांदा दुखतो, विशेषतः उजवा. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला चुरचुर होते आणि ती खांद्यात जाणवते. घरात चालत राहा, ओसरते. सोसेल तसं कुशीवर होता येतं.
- पोट उघडून, उभा चिरा: पहिला आठवडा तरी पाठीवर, टेका घेऊन. कुशीवर वळाल तेव्हा पोटाखाली घडीचा टॉवेल आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, म्हणजे पोट लोंबून चिरा ओढला जात नाही.
- जांघेतला हर्निया: ज्या बाजूचं ऑपरेशन त्याच्या विरुद्ध कुशीवर बहुतेकांना बरं वाटतं.
- गर्भाशय काढल्यावर: पाठीवर किंवा कुशीवर, दोन्ही चालतं. गुडघ्यांमधली उशी विसरू नका.
- नळी किंवा पिशवी लावलेली असल्यास: ती ज्या बाजूला आहे त्या बाजूनं उठा. लघवीची आणि जखमेतल्या नळीची पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली टांगलेली हवी. अंगाखाली येऊन नळी दुमडली नाही ना, हे रात्री एकदा बघा.

पालथं झोपणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. साधारण सहा आठवडे धरून चाला.

सिझेरियन झालेल्या बाळंतिणीसाठी

हिचं दुखणं दुहेरी असतं. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं आणि वर दर दोन-तीन तासांनी बाळासाठी उठणं. तरीही घरात तिला साध्या बाळंतिणीसारखं वागवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची पद्धत वऱ्हाडात अजून आहे. दार-खिडक्या बंद करून आत कोळसा धुमसत ठेवला की वास नसलेला विषारी वायू साचतो, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. शिवाय घामानं जखम ओली राहते आणि पिकते. घरातल्या मोठ्या बायांशी वाद घालण्यापेक्षा 'डॉक्टरांनी टाके असेपर्यंत शेक बंद सांगितलाय' एवढंच सांगा. त्यांच्या मायेला धक्का लागत नाही आणि काम होतं.

पाजताना मांडी घालून, वाकून बसायला लागू नये. दोन सोयी आहेत. एक, कुशीवर पडून पाजणं, पाठीमागे लोड आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. पाजून झालं की बाळाला शेजारच्या स्वतंत्र अंथरुणावर ठेवा. थकलेल्या आईला डोळा लागतो आणि मऊ गादीत बाळाचं नाक दबू शकतं. दुसरी, पाठ टेकून बसायचं आणि बाळाला काखेखाली उशीवर असं घ्यायचं की त्याचे पाय तुमच्या पाठीकडे जातील. चिऱ्यावर बाळाचं वजन येत नाही. पाळणा किंवा झोळी बाळाला उचलायला वाकावं लागणार नाही इतक्या उंचीवर बांधा. बाळाएवढंच वजन उचला, त्याहून जास्त नाही. थोरलं मूल 'कडेवर घे' म्हणून रडेल. त्याला शेजारी बसवून जवळ घ्या.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधं, सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे. २०११ पासून हा हक्क आहे. गाडीसाठी पैसे मागितले तर देऊ नका, आशाताईंना आणि वैद्यकीय अधीक्षकांना सांगा.

उन्हाळा, कूलर आणि गच्ची

मे महिन्यात अकोल्यात पारा ४४-४५ च्या पुढं जातो, तेव्हा पोटाला पट्टी बांधून पडणाऱ्याचे हाल काय होतात ते त्यालाच ठाऊक. घाम जखमेच्या घडीत, विशेषतः पोट सुटलेल्यांच्या सिझेरियनच्या आडव्या चिऱ्यात साचतो. तो धुतलेल्या सुती कपड्यानं हलक्या हातानं टिपा, पावडर भुरभुरू नका. सुती, सैल, कमरेला नाडी न काचणारे कपडे घाला. बायांना गाऊन, पुरुषांना सैल लुंगी बरी.

कूलर लावाच, पण त्याची हवा थेट पोटावर नको. पायांकडून तिरपी येऊ द्या आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा कोंडली की खोली नुसती दमट होते. लोखंडी कूलरला अर्थिंग आहे का, हे आधी बघून घ्या. दरवर्षी कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पाणी भरायला रुग्णानं उठायचं नाही आणि भरताना प्लग काढायचा.

रात्री गच्चीवर किंवा अंगणात झोपायची सवय असलेल्यांना आत जीव घुसमटतो. अंगण चालेल, मच्छरदाणी लावून, संडास जवळ असेल तर. गच्ची पहिले दोन-तीन आठवडे नको. जिना चढायला हरकत नाही, सावकाश चढता येतो. पण रात्री झोपेत, अंधारात, लघवीच्या घाईत उतरणं धोक्याचं.

पाणी, ताक, पातळ वरण भरपूर घ्या, डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं नसेल तर. पाणी कमी पडलं की मलावरोध होतो. दुखण्याच्या काही गोळ्यांनीही होतो. मग संडासला कुंथावं लागतं आणि सगळा ताण आतल्या शिवणीवर येतो. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, घरगुती जुलाब नको.

रात्रीची वाट

अंथरुणापासून संडासपर्यंतची वाट दिवसा एकदा चालून बघा. पायपुसणी, उंबरा, वायरी, झोपलेली मुलं, सगळं डोळ्यांखालून घाला. रात्री बारीक दिवा चालू ठेवा, वीज जाते म्हणून उशाशी टॉर्च ठेवा. उकिडवं बसायचा संडास असेल तर मोठ्या ऑपरेशननंतर कमोडची खुर्ची आणा. हाताच्या अंतरावर पाण्याची बाटली, गोळ्या, फोन आणि शिट्टी किंवा घंटी असू द्या. उठता न येणाऱ्यानं ओरडणंही पोटाला जड जातं.

झोपच येत नाही

दिवसभर पडून राहिलं की रात्री डोळा लागत नाही. दिवसा अर्धा-एक तास झोप पुरे, एरवी थोडं चाला, थोडं बसा. दुखण्याची गोळी वेळेवर घ्या. 'सोसतो' म्हणून टाळली की मध्यरात्री दुखणं अंगावर येतं आणि मग गोळीलाही दाद देत नाही. झोपण्याआधी साधारण अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी. दुकानातून स्वतःच्या मनानं झोपेची गोळी आणू नका आणि दारूला हातही लावू नका.

पाहुण्यांचं स्पष्ट बोलतो. ऑपरेशन झाल्यावर भेटायला न जाणं आपल्याकडे वाईट दिसतं, म्हणून गाव लोटतं. प्रत्येक जण पलंगाच्या काठावर बसतो, गादी कलते, रुग्ण मानापानासाठी उठून बसतो. घरच्यांनी बाहेरच्या खोलीत चहा द्यावा, आत पाच मिनिटं, तेही खुर्चीवर. सर्दी-खोकला असलेल्यांना दारातूनच नमस्कार.

पट्टा

चालताना आणि उठताना पट्ट्यानं आधार वाटतो, दुखणं कमी होतं. तो बांधल्यानं पोट आत जात नाही, हर्निया टळतोच असंही नाही. खालून दोन बोटं सहज जातील इतकाच आवळा. जुन्या लुगड्यानं करकचून पोट बांधू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर झोपताना काढा.

हे झालं तर थांबू नका

- १००.४ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, थंडी वाजणं; जखम लाल, गरम, पू
- जखमेतून अचानक गुलाबी पाणी वाहणं
- पोट फुगणं, उलट्या, वारा न सरणं. सहा-आठ तास लघवी न होणं
- एकाच पायाची पोटरी सुजणं व दुखणं. छातीत दुखणं, दम लागणं
- पित्ताशयानंतर डोळे पिवळे होणं. बाळंतिणीला तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव

जखम उघडून आतडी दिसली तर ती आत ढकलू नका. रुग्णाला गुडघे वाकवून पाठीवर निजवा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड वर झाका, खायला-प्यायला काही देऊ नका आणि १०८ ला फोन करा.

ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं असेल तर सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं, तसंच घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पॅकेजमध्येच धरलेलं असतं. अमरावती जिल्हा तर २०१२ साली, योजना राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हापासून तिच्यात आहे, तरी हे अनेकांना कुणी सांगत नाही. ड्रेसिंगचे पैसे मागितले तर आधी दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा.

पाणी भरणं, वेचणी आणि रजा

दुखणं थांबलं की माणूस कामाला लागतो, आणि बाई तर त्याच्याही आधी लागते. अकोल्यात नळ काही दिवसांआड येतात. आले की घरातल्या प्रत्येकाच्या हातात भांडं. भरलेली बादली १५ किलोच्या घरात जाते, गुंड त्याच्या मागेपुढे. पोट उघडून ऑपरेशन झालेल्यानं सहा आठवडे चार-पाच किलोंवर काही उचलू नये. दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशनला ही मुदत कमी असू शकते, सर्जनना विचारा. नळाच्या दिवशी कोण पाणी भरेल, हे ऑपरेशनची तारीख घेतानाच ठरवून ठेवा.

शेतातल्या कामाचं तर कुणी विचारतच नाही. कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी भरत जाते आणि तिचा सगळा भार बरोबर सिझेरियनच्या किंवा पिशवीच्या चिऱ्यावर येतो, वर दिवसभर वाकून. सोयाबीन सोंगतानाही कंबर मोडूनच काम. जमत असेल तर ठरवून होणारं ऑपरेशन वेचणीच्या आधी पुरेसे दिवस हाताशी ठेवून किंवा हंगाम उरकल्यावर करून घ्या. लवकर जावंच लागलं, तर ओटी पोटाऐवजी खांद्यावरून अडकवा आणि ती अर्धी भरली की लगेच रिकामी करा. ओझं डोक्यावर उचलून देण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.

नोकरी असेल तर रजेचे हक्क मागून घ्या. ईएसआयचं कार्ड असलेल्या कामगाराला, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. मातृत्व लाभाच्या तरतुदींखाली येणाऱ्या बाईला कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा आहे. दोन्हींसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. तो सुट्टीच्या दिवशीच मागा आणि त्यावर 'आराम' एवढंच न लिहिता किती दिवस आणि किती वजन उचलायचं नाही, हे लिहून घ्या.